श्प्रेकाठचा आकाशपाळणा

बर्लिन शहराच्या आग्नेय भागात, श्प्रे नदीच्या डाव्या तीराला लागून प्लेंटरवाल्ड नावाचे जे रान पसरलेले आहे, त्याच्या शेंड्यांवर डोके काढून ४५ मीटर उंचीचा एक आकाशपाळणा सुमारे वीस वर्षे निर्मनुष्य उभा होता. त्याच्या पायथ्याशी तिकिटे फाडणारा कोणी उरला नव्हता, त्याच्या चाळीस डब्यांपैकी एकातही माणूस बसत नव्हता. तरीसुद्धा नदीवरून वाऱ्याचा जोराचा झोत आला, म्हणजे ते अवाढव्य चक्र आपणहून हलू लागे आणि गंजत चाललेल्या लोखंडाची कुरकुर कुंपणाबाहेरच्या पायवाटेने जाणाऱ्या माणसाच्या कानी पडे. आधी आवाज येई, मग माणूस मान वर करी, आणि फांद्यांच्या जाळीतून एक रिकामा डबा सावकाश वर चढताना त्याला दिसे.

आपल्याकडे जत्रा उठली, की पाळणेवाला सांगाडा सोडवतो, गाडीवर लादतो आणि पुढच्या यात्रेचा रस्ता धरतो. मागे राहतात ती मातीतली चार भोके आणि थोडा कचरा. प्लेंटरवाल्डमध्ये याच्या उलट घडले. तेथे जत्रा उठली आणि पाळणा राहिला. एखादी जागा अशी ओस पडली, म्हणजे आपण सहसा काळाला दोष देऊन मोकळे होतो. परंतु श्प्रेपार्क या नावाने ओळखल्या गेलेल्या या उद्यानाची हकिगत नीट पाहिली, तर काळाचा हात तिच्यात फार थोडा दिसतो. ती जागा दस्तऐवजांनी ओस पाडली आणि दस्तऐवजांनीच ती दीर्घकाळ ओस ठेवली, असे माझे मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्लेंटरवाल्ड हा शब्द जर्मन वनविद्येतला आहे. सबंध रान एकदम न तोडता, पक्व झालेली झाडे एकेक निवडून काढायची आणि त्यांच्या जागी कोवळ्या रोपांना वाढू द्यायचे, अशा पद्धतीने राखलेल्या वनाला ते लोक हे नाव देतात. शहराला लागून असलेले हे वन आणि त्याच्या शेजारचे ट्रेप्टो उद्यान ही बर्लिनकरांची फार जुनी सहलीची ठिकाणे. १८९६ साली ट्रेप्टो उद्यानात एक प्रचंड औद्योगिक प्रदर्शन भरले होते. नदीकाठी ‘आयरहॉयशेन’, म्हणजे अंड्यांचे छोटे घर, अशा गोड नावाचे एक उपाहारगृह होते. येथे पूर्वी एक साधी गुत्त्याची झोपडी होती आणि नदीतून मालाच्या होड्या नेणाऱ्या नावाड्यांना तेथे अंडी मिळत, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आज दिसते ती लाल विटांची मनोरेदार इमारत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली. टेओडोर फोंटाने या थोर जर्मन कादंबरीकाराने आपल्या ‘डेअर श्टेखलीन’ या अखेरच्या कादंबरीतील पात्रांना बोटीत बसवून याच आयरहॉयशेनला सहलीस पाठवले आहे. तात्पर्य, यंत्रांचे पाळणे येण्याच्या पाऊणशे वर्षे आधीपासून हा नदीकाठ रविवारच्या माणसांच्या वहिवाटीचा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनचे तुकडे झाले, ट्रेप्टो पूर्वेकडच्या वाट्याला आले, आणि १९६१ साली उभारलेली ती कुप्रसिद्ध भिंत येथून फार दूर नव्हती. पूर्व जर्मनीच्या राजवटीला ७ ऑक्टोबर १९६९ रोजी वीस वर्षे पूर्ण व्हायची होती, आणि त्या वर्धापनदिनाची भेट म्हणून ४ ऑक्टोबरला प्लेंटरवाल्डमध्ये एक करमणुकीचे उद्यान जनतेसाठी खुले करण्यात आले. त्याचे नाव ‘कुल्टुअरपार्क’, अर्थात संस्कृती-उद्यान. आकाशपाळण्यांच्या बागेला संस्कृतीचे नाव कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे; पण मॉस्कोतील गॉर्की उद्यानापासून समाजवादी देशांत चालत आलेली ती एक रीतच होती. श्रमिकाची विश्रांती हीही संस्कृतीचीच एक बाजू आहे आणि तिची तरतूद करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, ही त्यामागची धारणा. त्या राजवटीने आपल्या नागरिकांवर जे निर्बंध लादले, त्यांचे समर्थन कोणीही करू नये. तथापि विसाव्याचा हक्क सरकारच्या कर्तव्यात मोडतो, हा विचार मला आजही आदरणीय वाटतो.

सबंध पूर्व जर्मनीत कायमस्वरूपी असे हे एकच करमणूक-उद्यान होते, आणि म्हणून त्याचे महत्त्व बर्लिनपुरते राहिले नाही. वर्षाकाठी १७ लाखांपर्यंत माणसे तेथे येत. दूरच्या जिल्ह्यांतील मुले राजधानीच्या सहलीवर आली, म्हणजे त्यांच्या दृष्टीने राजधानी म्हणजे हा पाळणा. १९७९ साली पूर्व जर्मन दूरचित्रवाणीने मुलांसाठी सात भागांची एक मालिका दाखवली. तिच्या नावाचा अर्थ ‘आकाशपाळण्याखालची भुताटकी’. याच उद्यानातील भुताच्या गुहेमधल्या तीन बाहुल्या, एक चेटकीण, एक राक्षस आणि एक बुटका, जिवंत होतात आणि विजेच्या केरसुणीयंत्रावर बसून हार्त्स पर्वतातल्या एका गढीकडे पळ काढतात, अशी तिची कथा. त्या देशात वाढलेल्या एका सबंध पिढीला ती मालिका ठाऊक आहे. देश नाहीसा झाला, त्याचे चलन गेले, त्याचा ध्वज उतरला. पण ज्यांचे बालपण तेथे गेले, त्यांना ती चेटकीण आणि तो पाळणा मात्र कोणी विसरायला लावू शकले नाही. पुढे उद्यान बंद पडल्यावरही लोक त्याच्या कुंपणापाशी का घुटमळत, याचे निम्मे उत्तर येथे आहे.

१९८९ साली राजवटीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनानिमित्त जुना पाळणा काढून नवा, ४५ मीटर उंचीचा उभारण्यात आला. वर्धापनदिन झाला ७ ऑक्टोबरला. ९ नोव्हेंबरला भिंत कोसळली. चाळीस वर्षांच्या राज्याचा गौरव करण्यासाठी उभारलेल्या त्या चक्राला ते राज्य जेमतेम वर्षभर दिसले, कारण ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाले आणि पूर्व जर्मनी हे नाव नकाशावरून पुसले गेले.

त्यानंतरचा प्रश्न त्या काळी पूर्वेतील हजारो कारखान्यांपुढे, दुकानांपुढे आणि वसतिगृहांपुढे उभा राहिलेलाच होता: सरकारी मालकीच्या या मालमत्तेचे करायचे काय? उद्यानासाठी प्रस्ताव मागवण्यात आले आणि ते नॉर्बर्ट विट्टे या व्यावसायिकाच्या कंपनीकडे गेले. विट्टे हा जत्रेत पाळणे लावणाऱ्या पिढीजात घराण्यातला. याच घराण्यातील ऑटो विट्टे नावाच्या खेळकऱ्याने, १९१३ साली आपण काही दिवस अल्बानियाचा राजा होतो, असा दावा आयुष्यभर केला आणि तो लोकांना ऐकवत राहिला. नॉर्बर्टच्या स्वतःच्या पूर्वायुष्यात मात्र एक भीषण प्रसंग होता. १४ ऑगस्ट १९८१ रोजी हँबुर्गच्या ‘डोम’ या प्रसिद्ध जत्रेत तो क्रेनच्या साहाय्याने आपल्या एका पाळण्याचे काम करीत असताना क्रेनचा दांडा शेजारच्या चालत्या पाळण्याच्या वाटेत आला आणि सात माणसे प्राणास मुकली. असा इतिहास असलेल्या माणसाच्या हाती राजधानीचे उद्यान सोपवताना त्याच्या पात्रतेची छाननी किती बारकाईने झाली, हा प्रश्न पुढे बर्लिनमध्ये वारंवार विचारला गेला, आणि तो विचारला जाणे रास्तच होते.

तरीही त्या माणसाने काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याने उद्यानाला ‘श्प्रेपार्क’ हे नाव दिले, डांबरी चौक उखडून पाण्याचे पाट आणि हिरवळ केली, रोलर कोस्टर आणले, हंसाच्या आकाराच्या होड्या सोडल्या, दुसऱ्या बंद पडलेल्या उद्यानातून प्रचंड डायनोसॉर आणून झाडीत उभे केले. पूर्वी प्रत्येक खेळाचे वेगळे पैसे द्यावे लागत. आता दारावरच एकरकमी प्रवेशमूल्य घेण्याची पद्धत सुरू झाली. ती व्यापाराच्या दृष्टीने सोयीची असेल, परंतु नातवंडाला घेऊन नुसते झाडाखाली बसायला येणाऱ्या आजीला तो दरवाजा त्या दिवसापासून महाग झाला. शिवाय प्लेंटरवाल्ड हे संरक्षित वनक्षेत्र ठरल्यामुळे मोटारींसाठी मोठे तळ करता येईनात, आणि नव्या काळातला गिऱ्हाईक तर मोटारीतून येणारा. वर्षाकाठी येणाऱ्यांची संख्या घसरत घसरत अखेरीस ४ लाखांवर आली. २००१ साली कंपनीचे दिवाळे निघाले, तेव्हा डोक्यावर सुमारे १ कोटी १० लाख युरोचे कर्ज होते. त्या वर्षीचा हंगाम संपला आणि दरवाजे पुन्हा उघडले नाहीत.

यापुढची हकिगत वृत्तपत्रांनी इतक्या चवीने सांगितली आहे, की मी ती थोडक्यातच आटोपतो. जानेवारी २००२ मध्ये विट्टे कुटुंबासह दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात लिमा शहरी निघून गेला, आणि उद्यानातील सहा मोठे खेळ वीस कंटेनरांत भरून त्याच्यासोबत गेले; ते दुरुस्तीसाठी पाठवले जात आहेत, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. लिमामधला धंदा बुडाला. २००३ साली ‘उडता गालिचा’ नावाचा खेळ जर्मनीला परत पाठवताना त्याच्या खांबाच्या पोकळीत दीडशे किलोहून अधिक कोकेन लपवलेले सापडले. २००४ साली बर्लिनच्या न्यायालयाने विट्टेला सात वर्षांची कैद सुनावली. त्याच्या मुलाला पेरूमध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. ज्या खांबाभोवती मुले आनंदाने किंचाळत फिरली, त्याच खांबाच्या पोटातून विष नेण्याचा प्रयत्न व्हावा, यापरते शोचनीय ते काय?

लोक या गुन्ह्यालाच उद्यानाच्या नाशाचे कारण समजतात, आणि माझा मतभेद आहे तो येथे. विट्टे गेला, त्याला शिक्षा झाली, आणि त्यानंतरही कित्येक हंगाम ती जागा कोणाच्याच उपयोगी पडली नाही. ती कोणी अडवून धरली होती? याचे उत्तर जर्मन जमीन-कायद्याच्या एका तरतुदीत आहे. तेथे १९१९ सालापासून असा एक हक्क मान्य आहे, की जमीन एकाची आणि तिच्यावरील बांधकाम दुसऱ्याचे असू शकते. हा केवळ भाडेपट्टा नव्हे. तो दीर्घ मुदतीचा असतो, जमीन-नोंदवहीत त्याचे स्वतंत्र खाते उघडते, तो विकता येतो, वारसाहक्काने पुढे जातो, आणि मुख्य म्हणजे जमिनीप्रमाणेच तो बँकेकडे गहाण ठेवता येतो. गरिबाला जमीन विकत न घेता घर बांधता यावे, हा या कायद्याचा मूळ हेतू अत्यंत उदात्त होता. श्प्रेपार्कची जमीन बर्लिन सरकारची राहिली, तिच्यावरील बांधकामाचा हक्क कंपनीला मिळाला, आणि त्या हक्कावर कर्जाचा बोजा चढला.

आता कंपनीच बुडाली, म्हणजे काय होते ते पाहा. सरकार जमिनीचे मालक आहे, पण ताबा त्याच्याकडे नाही. कंपनीकडे ताबा आहे, पण ती मृत आहे. दिवाळखोरीचा कारभार पाहणाऱ्या मुखत्याराकडे किल्ल्या आहेत, पण पैसा नाही. बँकेचा बोजा हक्काला चिकटलेला आहे, आणि जो कोणी तो हक्क घेईल त्याच्या माथ्यावर तो बोजा येणार आहे. इच्छुक आले, त्यांनी रान पाहिले, कागद पाहिले आणि ते परत गेले. प्रत्येक पक्षाची बाजू कायदेशीर होती. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या दप्तरात बिनचूक लिहिलेले होते. या सर्व बिनचूक कागदांची बेरीज म्हणजे गंजणारा एक पाळणा.

दरम्यान रानाने कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. रोलर कोस्टरचा रूळ ज्या रंगीत बोगद्यात शिरे, त्याच्या तोंडाशी मांजराच्या जबड्याचे चित्र आहे. त्या उघड्या जबड्यासमोर रुळांच्या मधून झाडे उगवली. पाण्याचे पाट आटले, हिरवे शेवाळ धरले, आणि हंसहोड्या चिखलात रुतून बसल्या. डायनोसॉर एकेक करून कोसळले किंवा पाडले गेले. त्यांच्यातला एक कुशीवर पडलेला होता. जवळून पाहिले, तर त्याच्या अंगावरचा करडा-हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटलेला, पोटाचे कवच जेमतेम बोटभर जाडीचे, आणि आत नुसती पोकळी दिसे. तिच्यात पानांचा थर साचलेला. ज्याला पाहून एके काळी लहान मुले आईच्या पदरामागे लपली, तो प्राणी आतून असा रिकामा होता. पण बाहेरून, दहा पावलांवरून, गवतात पडलेला तो खरोखरच मेलेल्या जनावरासारखा वाटे, आणि त्याच्याविषयी वाटणारी कणवही खोटी नव्हती.

कुंपणे पुन्हा पुन्हा उभारली, पहारेकरी आणि कुत्रे ठेवले, तरी रात्रीबेरात्री माणसे आत शिरतच. काही केवळ साहसासाठी येत, काही छायाचित्रांसाठी. आणि काही प्रौढ स्त्रीपुरुष तर आपण सातव्या वर्षी ज्या डब्यात बसलो होतो तो कोठे आहे, हे शोधायला येत. पुढे काही काळ दिवसा माहितगाराबरोबर आत नेऊन जागा दाखवण्याची रीतसर सोयही झाली. २०११ साली प्रदर्शित झालेल्या ‘हाना’ या इंग्रजी चित्रपटाचा शेवटचा प्रसंग येथेच चित्रित केलेला आहे. त्यामुळे ज्यांनी बर्लिन कधी पाहिले नाही, त्यांनीही तो जबडा पाहिला. ओसाडीचे असे प्रेक्षणीय स्थळ होणे मला पूर्णपणे रुचत नाही. ज्या जागी मजुरांची, तंत्रज्ञांची, तिकीटविक्रेत्यांची पोटे भरत होती, तिच्या मोडकळीत केवळ सौंदर्य पाहणे हे काहीसे निष्ठुरपणाचे आहे. पण त्याच बघ्यांमुळे ती जागा लोकांच्या विस्मरणात गेली नाही, हेही मान्य केले पाहिजे; एरवी ती इमारतींच्या दलालांच्या हाती केव्हा गेली असती, ते कळलेही नसते.

२०१४ साली बर्लिन सरकारने अखेर तो बांधकामाचा हक्क परत विकत घेतला आणि तेरा वर्षांची गाठ सुटली. जी जमीन मुळात आपलीच, ती पैसे मोजून पुन्हा आपली करून घ्यावी लागली. त्याच वर्षी १० ऑगस्टच्या रात्री उद्यानात दोन वेगवेगळ्या ठिकाणी आग भडकली आणि जुन्या लाकडी देखाव्यांचा बराच भाग जळून गेला. २०१६ पासून ही जागा शहराची उद्याने सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीकडे आहे. तिने रहिवाशांच्या सभा भरवल्या, त्यांचे म्हणणे ऐकले, आणि येथे पुन्हा यंत्रांची जत्रा न भरवता कला, निसर्ग आणि जुन्या अवशेषांची सांगड घातलेले सार्वजनिक उद्यान करायचे, असे ठरले. रुळांमधून उगवलेली झाडे सरसकट तोडायची नाहीत. जे अवशेष उभे राहू शकतील ते नव्या उपयोगासाठी राखायचे. निवडून तोडायचे आणि उरलेले वाढू द्यायचे, ही त्या वनाच्या नावातच असलेली रीत या वेळी माणसांच्या कामालाही लागू झाली, याचा मला विशेष आनंद वाटतो.

आकाशपाळणा मात्र तसाच ठेवण्यासारखा राहिला नव्हता. त्याच्या पोलादाची तपासणी आणि दुरुस्ती जमिनीवर उतरवल्यावाचून होणे शक्य नव्हते, म्हणून जानेवारी २०२१ मध्ये क्रेन आल्या आणि डबे, आरे, कडे, खांब असा क्रमाने तो उतरवण्यात आला. दुरुस्त करून त्याला पुन्हा त्याच जागी उभा करायचा आणि फिरता करायचा, अशी योजना आहे. बत्तीस वर्षे त्या रानाच्या माथ्यावर जे वर्तुळ दिसत असे, तेथे त्या दिवशी केवळ आकाश उरले.

आयरहॉयशेनचे काम आधी पुरे झाले. अनेक वर्षे खिडक्यांना फळ्या ठोकलेली ती विटांची इमारत दुरुस्त होऊन २०२४ च्या वसंतात पुन्हा उघडली. खाली उपाहारगृह, आणि त्याच छपराखाली कलावंतांना राहून काम करण्यासाठी खोल्या व प्रदर्शनाची दालने अशी तिची आजची व्यवस्था आहे. रविवारी माणसे रानातल्या पायवाटेने चालत येतात आणि नदीकाठच्या बाकांवर बसून समोरून जाणाऱ्या होड्या पाहतात. त्यांच्यातले जे पन्नाशी उलटलेले आहेत, ते अजून एकदा तरी मान वळवून झाडांच्या शेंड्यांकडे बघतात.